कापूस वेचणाऱ्या मावशींचे जाहीर आभार

मुकादम मावशी आणि संगतीच्या सगळ्या बायांनो,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की वावरातली सगळी कामं एकदमच अंगावर येतात. सोयाबीन निघालेल्या रानात हरभरा टाकायचा, गव्हासाठी ओलित करायचं, तूर फुलावर आलेली, आणि कापूसही नेमका तेव्हाच फुटतो. यंदा गावात बायांसाठी केवढी ओढाताण होती! तरी दिला शब्द पाळून तुम्ही आलात. त्याचे आभार तर आहेतच, पण वेचणी तुम्ही कशी केली ते चार लोकांनीही वाचावं, म्हणून हे असं जाहीर लिहितो आहोत.

सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करायची पूजा, झालं, दहीभात शिंपडून झाला, तरी दव सुकेपर्यंत तुम्ही बोंडाला हात लावला नाही. ओला कापूस गंजीत गेला की आतून तापतो, पिवळा पडतो, सरकीही खराब होते. शिवाय ओलाव्याचे पैसे कापले जातात ते वेगळेच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला, पण तो ८ टक्के ओलाव्याला. पुढं टक्क्यामागे एक टक्का कपात. १२ टक्क्यांवर क्विंटलमागे सव्वातीनशे रुपये जातात, आणि त्याच्या वर ओलावा असला तर सरकारी खरेदी केंद्रावर माल घेतच नाहीत. वजन वाढावं म्हणून पहाटे वेचायला लावणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

पात, म्हणजे वेचायची आपली ओळ, धरली की तुम्ही झाड खालून वर वेचत जाता. वरून सुरुवात केली तर वाळका पाला खालच्या फुटलेल्या बोंडांवर पडतो आणि कापसात गुंततो. बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचत असताना चारही पाकळ्यांतला कापूस एका चिमटीत, पाला न चुरता काढणं हे कसब आहे. आणि सरकारी कागदावर तुम्ही ‘अकुशल’! किडका, डागी कापूस, म्हणजे कवडी, तुम्ही कमरेच्या दुसऱ्या ओटीत टाकता. मूठभर कवडीनं पांढऱ्या मालाची प्रत उतरते.

डोक्याला रुमाल आणि सुती ओटी, यावर तुम्ही अडून बसता तेही बरोबर. खताच्या गोणीचा धागा, पुडीचा कागद, केस एकदा कापसात शिरले की जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातही, पूर्ण निघत नाहीत, आणि गोणीच्या धाग्यावर कापडाचा रंग बसत नाही.

तुरीच्या तासांजवळून, म्हणजे ओळींजवळून, जाताना पदर खोचून, फांद्या हातानं बाजूला धरत गेलात, त्यामुळं फूल झडलं नाही. डोमकळ्या दिसल्या तशा तोडून आणून दाखवल्यात. पाकळ्या मिटलेलं ते फूल उघडलं की आत गुलाबी बोंडअळी सापडते. ती कोणत्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, जास्त आहे, हे अळीच्या पतंगांसाठी लावलेल्या सापळ्याआधी तुम्ही सांगितलंत.

घरी आणल्यावर कापूस ताडपत्रीवर पातळ पसरायचा आणि दुपारी उलटायचा, हे आम्ही सांभाळतो. सरकी दाताखाली कट्‌कन फुटली की वाळला समजायचं. पहिल्या वेच्याचा कापूस शेवटच्यात मिसळणार नाही.

आता आमच्याकडून काय होईल ते. काटा धुऱ्यावरच, तुमच्या डोळ्यांसमोर लागेल. फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव आधी कळवू, फवारलेल्या तासांत लगेच पाठवणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते कुणी विसरू नये. शेवटच्या वेच्याला बोंडं तुरळक असतात, दिवसभर वाकूनही ओटी भरत नाही. तेव्हा किलोनं मजुरी देणं आम्हाला पटत नाही. त्या वेच्याला दिवसाची मजुरी धरू.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून घेतलेला कापूस, घेणार नाही. डिसेंबरअखेर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटायची आहे, नाहीतर बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तिथंच मुक्काम ठोकते. सरपणाला काड्या हव्या असतील तर आधी सांगा. मात्र त्या लवकर जाळून संपवा, दारात साठवून ठेवल्या तर अळी घरापर्यंत येईल. पुढचा वेचा पंधरा-वीस दिवसांनी येईल, नाल्याकडच्या तासांपासून सुरू करू. तिथं बोंडं आधी फुटली आहेत.

तुमचे,
वावरवाले