इतिहासाचा अभ्यासक्रम निवडताना: लेकीला पत्र

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

मुलांना घरीच इतिहास शिकवायला म्हणून तू पाठवलेले तिन्ही अभ्यासक्रमांचे नमुने मी शेवटच्या पानापर्यंत वाचले. यातला सर्वांत चांगला कोणता, असं तू विचारलं आहेस. मी मात्र ते वाचताना वेगळाच प्रश्न मनात धरला होता: तुमच्या घरात, या दोन मुलांसोबत, आठवड्यातून तीन-चारदा खरोखर वाचला जाईल असा कोणता? गणितात एक पायरी कच्ची राहिली तर पुढचं अडतं, म्हणून तिथे क्रम जवळजवळ ठरलेलाच असतो. इतिहासात तसं बंधन नाही. इजिप्तपासून सुरुवात केलीस काय किंवा आजी-आजोबांच्या लहानपणापासून मागे मागे गेलीस काय, दोन्ही रीती चालतात. म्हणून इथे आधी मुलांकडे बघायचं, मग स्वतःकडे आणि पुस्तकाकडे सगळ्यांत शेवटी.

थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सहाची. दोघांसाठी दोन वेगळे इतिहास चालवू नकोस, हे माझं सगळ्यात ठाम सांगणं आहे. त्याला मुघल, तिला इजिप्त, अशी विभागणी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात तुझी तयारी दुप्पट होते आणि दोघांना एकमेकांशी बोलायला काही उरत नाही. एकच काळ घे आणि खोली वेगवेगळी ठेव. पिरॅमिड कसे बांधले हे तिने मातीत करून बघावं. त्याने हजारो कामगारांना रोज खायला कोण घालत होतं आणि त्याचा हिशेब कुणी ठेवला, हे शोधावं. संध्याकाळी बाबांना सांगताना दोघांचं मिळून एक चित्र तयार होतं.

यासाठी चार वर्षांचं चक्र सोयीचं आहे. पहिल्या वर्षी प्राचीन काळ, साधारण इ. स. ४०० पर्यंत, दुसऱ्या वर्षी तिथून १६०० पर्यंत, तिसऱ्या वर्षी १६०० ते १८५०, चौथ्या वर्षी त्यापुढचं जग. मग पुन्हा पहिल्यापासून, जास्त खोलात. तुझ्या तीनपैकी दोन नमुने याच चक्राचे आहेत. यात एक अडचण आहे आणि ती विकणारे फारशी सांगत नाहीत. चौथं वर्ष येईल तेव्हा धाकटी नऊ वर्षांची असेल आणि समोर दोन महायुद्धं, छळछावण्या, हिरोशिमा, फाळणी असं सगळं एकापाठोपाठ येईल. ते तिच्यापासून लपवावं असं मला वाटत नाही. पण किती आणि कोणत्या शब्दांत सांगायचं हे तू ठरवायचंस, पुस्तकाने नाही. त्या वर्षी थोरल्यासाठी वेगळा तास ठेवावा लागेल, हे आत्ताच गृहीत धर.

आता नमुन्यांकडे येते. पहिला रोजच्या वेळापत्रकाचा. सोमवारी ही पानं, मंगळवारी तो नकाशा, बुधवारी अमुक कृती. नव्याने घरी शिकवायला लागलेल्या आईला त्याचा आधार वाटतो हे मला कळतं. पण तुझी धाकटी आजारी पडली, थोरला एखाद्या विषयात रमला, की वेळापत्रक मागे पडणार आणि तू उगाच अपराधी वाटून घेणार. तुझा स्वभाव मी ओळखते. तू राहिलेली पानं रविवारी बसून भरून काढशील आणि मुलांना इतिहास नकोसा होईल. तो घेऊ नकोस.

दुसरा धड्यांचा आणि स्वाध्यायांचा. शाळेच्या पुस्तकासारखा, सुटसुटीत. ज्याला चौकटी भरायला, नीट क्रमाने पुढे जायला आवडतं अशा मुलाला तो खरंच चालतो आणि आई-वडिलांना वेळ कमी असेल तर वाईट नाही. तुमच्या घरी तशी गरज दिसत नाही.

तिसरा गोष्टीरूप, मोठ्याने वाचून दाखवायचा. मला हा पसंत आहे. पण तू माझ्यावर विसंबू नकोस, तपासून बघ. कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकाची पारख करायची एक रीत मी वर्गात शिकवताना कायम वापरली: आपल्याला चांगला ठाऊक असलेला प्रसंग आधी काढायचा. अनोळखी विषयावर सगळीच पुस्तकं शहाणी वाटतात. तुला अशोक नीट माहीत आहे, म्हणून मी तिन्हींत कलिंगाचं युद्धच शोधलं.

वेळापत्रकवाल्यात ते युद्ध नाहीच. धडेवाल्यात चार ओळी आणि रिकाम्या जागा भरा. गोष्टीवाल्यात दोन पानं आहेत, रणांगणावर फिरणारा दुःखी राजा आहे आणि मुलं ते ऐकताना गप्प होतील, असं लिहिलंय. आता मूळ काय आहे ते आठव. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकल्याचं आहे, दीड लाख माणसं तिथून हलवली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली असं आहे, राजाचा पश्चात्ताप आहे. रणांगणावर फिरल्याचं वर्णन त्यात नाही. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. त्याऐवजी तिथे वेगळे लेख आहेत. सगळी माणसं माझी लेकरं आहेत, त्यांच्याशी न्यायाने वागा, असं त्यात अधिकाऱ्यांना बजावलंय. ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर तो आकडा का लिहिला नसेल? अकरा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न टाकून बघ. तो दोन दिवस त्याच्यावर बोलत राहील.

तिसऱ्या नमुन्यात हा प्रश्न नाही, तरी मी त्याच्याच बाजूने आहे, कारण ही माहिती दगडावर कोरलेल्या लेखातून आली, एवढं त्यात एका वाक्यात सांगितलंय. बाकी दोन्हींत तेवढंही नाही. 'हे आपल्याला कसं कळलं?' या प्रश्नाला जागा ठेवणारं पुस्तक मला इतर सगळ्या उणिवांसकट चालतं. आपल्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी बखरींवर न विसंबता गावोगावची दप्तरं धुंडाळली, ती याच प्रश्नापायी.

आणखी एक तपासणी कर. छपाईचं प्रकरण काढ. ते १४५० च्या दशकात जर्मनीतल्या गुटेनबर्गपाशी सुरू होऊन तिथेच संपत असेल, तर पुस्तकाचं जग कुठवर आहे ते कळलं. चीनमध्ये इ. स. ८६८ साली छापलेलं वज्रसूत्र हे बौद्ध पुस्तक आजही लंडनला जपून ठेवलेलं आहे आणि तिथल्याच बी शंगने छपाईसाठी अक्षरांचे सुटे खिळे वापरले ते अकराव्या शतकाच्या मध्यात. घरी शिकवण्यासाठीचे बरेच तयार इंग्रजी अभ्यासक्रम अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेले असतात. ग्रीस-रोमला भरपूर प्रकरणं, आफ्रिकेला एखादं आणि त्यातही पुन्हा इजिप्तच. अनुक्रमणिकेत पेन्सिलने खुणा करत गेलीस तर अर्ध्या तासात सगळं दिसतं. आपली भर घालायची तयारी असेल तर असं पुस्तकही चालतं, पण कुठे भर घालायची ते आधी माहीत हवं. पहिलं प्रकरणही नीट वाच. काही अभ्यासक्रम बायबलमधली निर्मितीकथा हाच इतिहासाचा आरंभ मानतात, आणि काहींत तर आर्चबिशप अशरने सतराव्या शतकात जगाच्या निर्मितीसाठी मांडलेलं इ. स. पू. ४००४ हे साल धरून कालगणना केलेली असते. ज्या कुटुंबाला तसं हवं असतं ते समजून-उमजून घेतात. तुला मात्र ते निम्मं वर्ष झाल्यावर कळू नये.

एक गोष्ट मात्र कुठलंही पुस्तक घेतलंस तरी कर. लांब भिंतीवर कागदाची कालपट्टी लाव. शतकाला दहा सेंटिमीटर धर, म्हणजे पाच हजार वर्षं पाच मीटरमध्ये बसतात. सहा वर्षांच्या मुलीला इसवी सनपूर्व वगैरे काही कळत नाही, अंतर मात्र कळतं. गिझाचा मोठा पिरॅमिड इ. स. पू. २५६० च्या आसपास लाव, क्लिओपात्राचा मृत्यू इ. स. पू. ३० ला आणि माणूस चंद्रावर उतरला तो १९६९ ला. पिरॅमिडपासून क्लिओपात्रा अडीच मीटर लांब आहे आणि क्लिओपात्रापासून चंद्र दोनच मीटर. धाकटीला ते चालून बघू दे. सनावळी पाठ करून जे होत नाही ते पायांनी होतं.

वाचनाची वेळ आखूड ठेव. शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षिकेने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आठ वर्षांखालच्या मुलांचा पाठ वीस मिनिटांपलीकडे नेऊ नये असं सांगितलं होतं, आणि पाठ एकदाच वाचून मुलांनी तो आपल्या शब्दांत परत सांगावा, अशी तिची रीत होती. घरी शिकवणाऱ्यांत ती अजून चालते, कारण तिला काही साहित्य लागत नाही. धाकटीने सांगावं, तू ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवावंस. थोरल्याने स्वतः लिहावं, पण रोज नाही. लिहायचा कंटाळा हा इतिहासाचा कंटाळा होऊ नये. आणि तिसऱ्या अभ्यासक्रमासोबत मिळणारी कृतिपुस्तिका थोरल्यासाठी घेऊ नकोस. त्या वयाच्या मुलाला कागदी मुकुट कापायला लावलं तर तो दुखावतो.

त्याला अस्सल साधनं दे. आजच्या इराकमधल्या उर या प्राचीन शहरात सापडलेला मातीचा एक लेख आहे, पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा. नन्नी नावाचा गिऱ्हाईक एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्यावर संतापला आहे: तांबं हलकं दिलंस, माझ्या माणसाशी नीट वागला नाहीस. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर त्याचं चित्र आहे. राजांच्या यादीपेक्षा हे भांडण त्याला त्या काळात लवकर पोहोचवेल. इटलीतल्या व्हेसूव्हियसचंही तसंच. इ. स. ७९ साली तो ज्वालामुखी उसळला तेव्हा धाकटा प्लिनी हा रोमन लेखक सतरा वर्षांचा होता, त्याचा मामा त्यात गेला आणि पुढे कित्येक वर्षांनी इतिहासकार टॅसिटसने विचारलं म्हणून त्याने ते पत्रात लिहिलं. हस्तलिखितांतल्या तारखेवरून सगळे २४ ऑगस्ट म्हणत आले. २०१८ मध्ये त्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात कोळशाने खरडलेली एक ओळ मिळाली, ऑक्टोबरच्या मध्यातली तारीख असलेली. त्यामुळे आता बरेच अभ्यासक ऑक्टोबरच्या बाजूने आहेत. तुझ्या पुस्तकात ऑगस्ट छापलेलं असेल. ते तूच त्याला दाखव आणि मोठी माणसं पुरावा मिळाल्यावर आपलं म्हणणं कसं बदलतात, हे त्याला एकदा बघू दे.

तुम्ही राहता तिथले नियम जावईबापूंना एकदा वाचायला सांग. काही ठिकाणी देशाचा इतिहास शिकवल्याची नोंद ठेवावी लागते. थोरला पुढे बाहेरून एखादी परीक्षा देणार असेल तर त्या परीक्षेचा इतिहासाचा भाग त्याच्या तेराव्या वर्षी उघडून बघायचा. आत्ता त्यासाठी सगळं वळवायची गरज नाही.

वाचून दाखवायचं काम मात्र तू आणि जावईबापू दोघांनी वाटून घ्या. तुला ज्या पुस्तकाची भाषा मोठ्याने वाचताना अडखळवते, ते कितीही नावाजलेलं असलं तरी तीन महिन्यांत कपाटात जातं. म्हणून संपूर्ण संच आत्ता मागवू नकोस. नमुन्यातली दोन प्रकरणं पुढच्या आठवड्यात चौघं मिळून वाचा, एक तू, एक त्यांनी. कलिंगाचं आधी घे. धौली-जौगडचा प्रश्न तू विचारू नकोस, त्या दोन जागी तेरावा लेख नाही एवढंच सांगून थांब. मुलं काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठव. ते वाचून दुसऱ्या प्रकरणासाठी साधनं शोधून देते.

तुझी,
आई