जाळीची वीण आणि टाक्यांचा हिशेब

महोदय,

थंडीची चाहूल लागताच वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून विणकामाचे नमुने छापून येऊ लागतात आणि त्यांत जाळीच्या विणीचे एखादे झबले किंवा स्वेटर हमखास असतो. हे नमुने मी आवडीने करून पाहते. मात्र त्यांतील एक त्रुटी मला दरवेळी खटकते. वीण सुईगणिक, म्हणजे ओळीगणिक, नीट सांगितलेली असते, पण मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडायच्या जागी, आल्यावर ‘पुढे विणीप्रमाणे विणत जावे’ एवढ्या एका वाक्यावर सारे सोडून दिले जाते, आणि नवशिक्यांची गाडी नेमकी तिथेच अडते.

जाळीचे प्रत्येक छिद्र म्हणजे वाढवलेला एक टाका असतो. धागा पुढे घेऊन पुढचा टाका सुलट विणला की सुईवर एक जादा वेढा पडतो आणि परतीच्या सुईला तोच टाका म्हणून विणला जातो. एकूण संख्या कायम ठेवायची तर अशा प्रत्येक वेढ्यामागे एक टाका घटवावा लागतो. ही घट छिद्राला लागूनच असेल असे नाही. कधी ती चार-सहा टाके दूर असते, त्यामुळे ही जोडी सहसा ध्यानात येत नाही.

शेटलंड बेटांवरची ‘ओल्ड शेल’ ही लाटांसारखी दिसणारी वीण, जिला पुष्कळ जण ‘फेदर अँड फॅन’ म्हणतात, 18 टाक्यांच्या आवर्तनाची असते; तेच आवर्तन सुईभर पुन्हा पुन्हा येते. तिच्या जाळीच्या सुईत दोन-दोन टाके एकत्र असे तीन वेळा, मग धागा पुढे घेऊन एक सुलट असे सहा वेळा आणि पुन्हा दोन-दोन एकत्र तीन वेळा विणतात. म्हणजे सहा वाढले, सहा घटले. एका बाळंतविड्यासाठी मी या विणीत 72 टाक्यांवर झबल्याची पाठ घेतली होती. मुंढ्यासाठी दोन्ही बाजूंनी चार-चार टाके बंद केल्यावर 64 उरले, आणि जाळीची पुढची सुई संपली तेव्हा ते 68 भरले! बंद केलेल्या टाक्यांबरोबर प्रत्येक कडेच्या दोन घटी गेल्या होत्या, वाढी मात्र सहाच्या सहा राहिल्या होत्या. कडेच्या दोन्ही आवर्तनांत सहाऐवजी चारच वेढे घेऊन काठाजवळचे दोन टाके नुसते सुलट विणायचे, एवढाच त्यावरचा उपाय. पण तो समजेपर्यंत मी ती पाठ दोनदा उसवली होती.

घट कोणत्या बाजूला झुकते, हेही नमुन्यात क्वचितच लिहिलेले असते. दोन टाके एकत्र सुलट विणले की घट उजवीकडे झुकते; एक टाका न विणता उचलून, पुढचा सुलट विणून, उचललेला त्यावरून ओढून घेतला की ती डावीकडे झुकते. पानांच्या विणीत यांची अदलाबदल झाली तर टाके बरोबर भरतात, परंतु पानाची कड मोडते आणि चूक कुठे आहे हे शोधूनही सापडत नाही.

तेव्हा जाळीचा नमुना छापताना प्रत्येक सुईपुढे टाक्यांची संख्या द्यावी, घटीची दिशा नोंदवावी आणि मुंढा व गळा यांच्या सुया संक्षेप न करता पूर्ण लिहाव्यात, अशी माझी विनंती आहे. जागेची अडचण मी समजू शकते. त्यासाठी तयार स्वेटरचे छायाचित्र थोडे लहान केले तरी आम्हा विणणाऱ्यांची मुळीच तक्रार नसेल.

आपली नम्र,
एक वाचक, नाशिक