गडगा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढं हिरवंगार आहे, मग तिथल्या शेतकऱ्याला परवडतं का?" तेवढ्यात रेंज गेली. म्हणून हे पत्र.

आमचं गनरसाइड इंग्लंडात, यॉर्कशायरच्या उत्तर भागात, स्वेल नदीच्या खोऱ्यात. नदीकाठी गवताची कुरणं, वर उघडा माळ, आणि जिकडे बघाल तिकडे दगडावर दगड रचलेले गडगे. अगदी आपल्यासारखे, चुना-सिमेंट नाही; फक्त जांभ्याऐवजी करडा दगड. जवळजवळ प्रत्येक कुरणात एक दगडी गोठा. पूर्वी खाली गुरं, वर माळ्यावर गवत, शेण त्याच कुरणात. आता बरेच ओस पडलेत, काहींची छपरं बसलीत.

परवडण्याचं म्हणाल, तर आमच्या घरमालकाच्या मेंढ्या आहेत, काळ्या तोंडाच्या, पांढुरक्या नाकाच्या. लोकरीतून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. पण न कातरून चालत नाही, उन्हाळ्यात माश्या बसून अंगात अळ्या पडतात. पैसा येतो तो कोकरं विकून. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर जमिनीच्या क्षेत्रावरचं जुनं अनुदान टप्प्याटप्प्याने बंद होत आलंय. आता कुरणातली रानफुलं राखली, बी पडेपर्यंत गवत कापलं नाही, तर त्याचे पैसे मिळतात. म्हातारा म्हणतो, "आजा मेंढ्या पाळायचा, मी फुलं पाळतो." उरलेलं माझ्या भाड्यातून निघतं, हे तो बोलत नाही!

इथे शिशाच्या खाणी होत्या. १८८०च्या सुमारास बाहेरून स्वस्त शिसं आलं, भाव कोसळला, आणि माणसं लँकेशायरच्या कापडगिरण्यांत गेली. आजोबा मुंबईला गिरणीत गेले, तसेच. आता बरीच घरं बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतलीत, एरवी कुलूप. आपल्या वाडीत निदान गणपतीला दारं उघडतात ती घरच्याच माणसांनी.

आई, बोट बरं आहे, काळजी नको. झालं असं, की पावसात घरमालकाचा गडगा ढासळला, तो लावायला मी गेलो. दोन बाजूंनी दोन भिंती आत झुकत वर न्यायच्या, मध्ये बारीक दगड ठासायचे, आणि मधूनमधून एक लांब दगड आडवा घालायचा, तो दोन्ही भिंतींना धरून ठेवतो. म्हाताऱ्याचा एकच नियम : एकदा उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही, त्याला जागा शोधायचीच. मी तीनदा ठेवला, तीनदा शिव्या खाल्ल्या. चौथ्यांदा ठेवला नाही, तर बोट चेपलं. संध्याकाळपर्यंत दोन हात लांबीचा गडगा उभा राहिला. म्हाताऱ्याने त्याला लाथ मारून बघितली आणि काही न बोलता घरी गेला.

बाबा, परसातला आपला पडलेला गडगा अजून कुणाला लावायला दिला नसेल, तर थांबा. गणपतीला मी येतोच आहे.

तुमचा,
बाळू