दिन्या, लग्नाला मोकळ्या हातानं ये

कोल्हापूर
मंगळवार, रात्री

प्रिय दिन्या,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्याच वाक्याला तू हसला असतास आणि माझं सांगायचं राहून गेलं असतं, म्हणून हा कागद. गुडघा आहे तसाच आहे, साखर आटोक्यात, ही ठणठणीत. झालं तब्येतीचं.

मनूच्या लग्नाची पत्रिका तुला मिळेलच. फोटोग्राफर पुण्याचे आहेत. हस, हसून घे. निम्म्या मंगळवार पेठेची लग्नं आपण काढली आणि घरच्या लग्नाला पुण्याची टीम! मी विचारलं तर म्हणाली, "पप्पा, तुम्ही काढायचं नाही. आणि तुमच्या ओळखीतला कुणी घेतला, तर तुम्ही भर मांडवात त्याला आयएसओ सांगत बसणार." यावर काय बोलणार? बाळ्याच्या पुतणीच्या लग्नाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो आणि जेवायला बसायच्या आधी तिथल्या पोराच्या फ्लॅशचं तोंड छताकडं फिरवून आलो होतो. ते हिनं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

टीम वाईट नाही, हे कबूल करायला जिवावर येतंय. एक पोरगी मुख्य आहे, बाकीची पोरं तिच्या हाताखाली. सगळे काळ्या टीशर्टात, कुणी कुणावर ओरडत नाही. कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो, वर रात्री झोपायच्या आधी हार्ड डिस्कवर कॉपी. आपण एस्टीत शर्टाच्या आतल्या खिशात रोल ठेवून, त्यावर हात दाबून झोपायचो. आणि ही पोरं वेळेवर जेवतात! करारातच लिहिलंय, टीमचं जेवण पहिल्या पंगतीबरोबर. आपल्याला "फोटोवाले, तुम्ही जेवलात का?" असं विचारेपर्यंत मसालेभाताची खरवड उरलेली असायची. तू सत्तर-दोनशे लेन्सच्या पाऊचमध्ये जिलेबी लपवली होतीस आणि झूमची रिंग पुढं दोन लग्नं चिकटत होती, ते मी अजून विसरलेलो नाही. लेन्स माझी होती.

आता मुद्दा. रविवारी त्यांचं प्री-वेडिंग होतं, रंकाळ्यावर, शालिनी पॅलेसच्या बाजूला. मला म्हणाले, काका तुम्हीही या, फादर्स फर्स्ट लूक कसा येतो ते बघून घेऊ. तू धंदा सोडल्यावर आलेलं हे फॅड. बापानं पाठ करून उभं राहायचं, नटलेली पोरगी मागून येते, खांद्यावर हात ठेवते, बाप वळतो आणि तिला पहिल्यांदा बघतो. बघून त्याचं जे व्हायचं ते होतं, ते आपण टिपायचं. मी स्वतः कितीतरी बाप असे उभे केलेत. "सावकाश वळा. बोलू नका. डोळे पुसायचे असतील तर डाव्या हातानं पुसा, उजवा कॅमेऱ्याच्या आड येतो." एवढ्या निर्लज्जपणे. आणि बाप खरंच डाव्या हातानं पुसायचे रे.

तर मी तळ्याकडं तोंड करून उभा. उन्हं उतरायला लागलेली. मागून पैंजण वाजलं, खांद्यावर हात आला, मी वळलो. वळलो तर ऊन तिच्या एका बाजूनं, आणि नाकाची सावली थेट वरच्या ओठावर. मी म्हटलं, "मनू, दोन पावलं डावीकडं हो. हनुवटी जरा खाली."

सगळी टीम हसली. मनूही हसली. ती पुण्याची पोरगी म्हणाली, काका, बी नॅचरल. परत उभा राहिलो, परत वळलो. या वेळी तोंड गप्प ठेवलं, पण शालूच्या जरीवर ऊन इतकं उसळत होतं की मी डोळ्यानंच लेन्सचा स्टॉप बंद करून उजेड कमी करायला लागलो. तिसऱ्यांदा त्यांनीच नको म्हटलं.

घरी येताना गाडीत मनू म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझ्याकडं बघतच नाही. लाईटकडं बघता." चिडून नव्हे, साधं, पाणी संपलंय म्हणून सांगावं तसं. मग म्हणाली, "मी आईचा शालू नेसले होते."

दिन्या, तो शालू मी ओळखला नाही. जांभळा रंग उन्हात निळ्याकडं झुकतोय, व्हाईट बॅलन्स जरा गरम ठेवायला हवा, हे मला दिसलं. माझ्याच लग्नात माझ्या शेजारी बसलेला शालू, तो दिसला नाही.

ही म्हणते, त्यात काय एवढं, पुरुषांना साड्या कुठं ओळखू येतात. पण ते तसं नाही, हे तुला कळेल. म्हणून तर तुला लिहितोय.

ताईचं लग्न आठव. तुझे वडील म्हणाले, घरात फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला, आणि तू गळ्यात पेंटॅक्स अडकवून बहिणीचं सगळं लग्न काढलंस. मी व्हिडिओची लाईट धरून तुझ्या मागं होतो. फोटो झकास आले. त्या रात्री वायर गुंडाळताना तू मला काय म्हणालास? म्हणालास, "अंतरपाट पडला तेव्हा ताई हसली का रडली, सांग रे. मला एवढंच आठवतंय की एफ आठ होता आणि साठावर सिंक होता." मी म्हटलं रडली. रोल धुऊन आले तर हसत होती. मीही कुठं बघत होतो? मी तुझ्या फ्रेमच्या कडेला माझी सावली येतेय का ते बघत होतो.

याला यांत्रिक कारण पण आहे, तुझ्या आवडीचं. आपल्या एसएलआरमध्ये बटण दाबलं की आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तेवढा वेळ अंधार. म्हणजे जो क्षण फिल्मवर गेला, नेमका तोच आपण पाहिलेला नसतो. आधीचा पाहिला, नंतरचा पाहिला, मधला नाही. इतक्या लग्नांत इतके अंतरपाट पडले, त्यातला एकही मी पाहिलेला नाही म्हण की! अण्णांचं तसं नव्हतं. त्यांच्या याशिकामॅट कॅमेऱ्याला वरची लेन्स बघायची आणि खालची काढायची. त्यामुळं अण्णांनी सगळी लग्नं पाहिली. काचेवर उलटी दिसायची, नवरी डावीकडची उजवीकडं, पण पाहिली. आता मिररलेसमध्ये आरसाच नाही आणि नव्या मॉडेलांत तेवढासा अंधारही होत नाही. म्हणजे आपण दोघंच मधल्या मधे अडकलो.

अण्णा असते तर या सगळ्यावर एकच ऐकवलं असतं: बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा स्वतः घडवला आणि 1920 मध्ये सैरंध्री पडद्यावर आणला, आणि तुम्हाला बॅटरी चार्ज करायची आठवण राहत नाही. दर चुकीला हेच. रोल अडकला तरी बाबूराव पेंटर, चहा सांडला तरी बाबूराव पेंटर. परवा खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या स्तंभाजवळून जाताना मला उगाच शरमल्यासारखं झालं.

तू म्हणशील, लाईट बघणं म्हणजेच बघणं. मी पण स्वतःला तेच सांगतोय. स्टुडिओत माणूस स्टुलावर बसला की खांदे कानाला लावतो. आपण हनुवटीला दोन बोटं लावून तोंड फिरवायचो, आणि "पावणं, पैसे द्यायला आलाय का घ्यायला?" म्हणून एक डोळा मिटायचो. ते हसून सैल पडायचे, तेवढ्यात क्लिक. आत कापडाच्या पडद्याआड तू पेन्सिलीनं निगेटिव्हवर देवीचे व्रण भरत बसायचास. त्या माणसाच्या बायकोनं पाहिला नसेल इतक्या जवळून तो चेहरा आपण पाहिला. मग बघत नाही कसं म्हणायचं? माझं म्हणणं आहे की आपण जास्तच बघितलंय. पण हे मनूला सांगायला गेलो आणि सांगता सांगता माझी नजर तिच्या कपाळावर ट्यूबलाईटच्या चमकीकडं गेली. तिच्या ते लक्षात आलं. गप्प बसलो.

खरी धास्ती मांडवाची आहे. मंगलाष्टका सुरू झाल्या की मी कुठं उभा राहू? आपल्या जागा ठरलेल्या असायच्या, तू डावीकडं, मी उजवीकडं स्टुलावर, रोलवर छत्तिसातले तेहेतीस झाले असतील तर उरलेल्या फ्रेमांची माया न धरता नवा रोल टाकायचा, आणि "तदेव लग्नं" ऐकू आलं की एक डोळा भटजींच्या हातावर. आता हातात काय? अक्षता. अक्षता एका मुठीत मावतात, दुसऱ्या हाताचं काय करायचं? परवा आरशासमोर उभा राहून बघितलं. दोन्ही हात आपोआप छातीशी येऊन थांबतात, कॅमेरा लोंबतोय असे. हिनं दारातून बघितलं आणि काही न बोलता परत गेली.

आणि मोबाइलवाले! अंतरपाट खाली आला की आतेभाऊ, मामेभाऊ, सगळे हात वर करून मधे. आपण "ओ दादा, खाली" म्हणून ओरडायचो. ती पुण्याची पोरगी ओरडत नाही, अगोदर हात जोडून विनंतीची पाटी लावते म्हणे. आपलं कोल्हापूर आणि पाटी! बघू.

हां, ड्रोनही आहे. तू नाक मुरडलंस ते इथवर दिसलं. मी ड्रोन घेतला तेव्हा तू पावसाळाभर माझ्याशी बोलला नव्हतास, म्हणालास, लग्न काय शेत आहे का वरून औषध मारायला. तू चुकला होतास हे मी आजही म्हणतो. डिजिटलच्या वेळीही चुकला होतास. कँडिडबाबत मात्र निम्मा बरोबर होतास.

आता तुझ्याकडचं काम. मनूला हॉलच्या एलईडी पडद्यावर लहानपणापासूनचे फोटो फिरवायचेत. घरातले सगळे अल्बम काढले. आई आहे, आजी आहे, शेजारची आहेत, दूधवाला गवळी म्हशीसकट आहे. मी नाही. काढणारा मीच, तर येणार कुठून? ती म्हणाली, पप्पांचा एक तरी फोटो पाहिजे. तेव्हा मला आठवलं, माझे फोटो आहेत, आणि ढिगानं आहेत. लाईट टेस्टचे! मांडव रिकामा, खुर्च्यांवर पांढरी कापडं चढवतायत, आणि मी नवऱ्याच्या सिंहासनात बसलोय, तू ओरडतोयस, "हात वर कर, कपाळावर किती येतंय बघू दे." डी-सत्तर हा डिजिटल कॅमेरा घेतल्यापासून प्रत्येक लग्नाच्या फोल्डरातले पहिले फोटो मी नवरदेव झालेलेच. ते सगळं तुझ्या जुन्या डिस्कवर आहे. माझ्याकडची प्रत 2019 च्या पुरात दुकानाबरोबर गेली, तुला माहीत आहे.

त्यातले चांगले निवडून पाठव. जांभई देतानाचे नकोत, तंबाखू मळतानाचेही नकोत. शिव्या देतानाचा एक आहे, तोंड उघडं, बोट तुझ्याकडं, तो मनूनं बघितला तर लावेलच, म्हणून तोही नको. की पाठव, तूच ठरव. रिटच करू नकोस.

आणि लग्नात तू स्टेजवर माझ्या शेजारी उभा राहायचंस. पाहुणे पुढं, वहिनी हिच्याबरोबर, पण तू माझ्या डाव्या बाजूला. "तदेव लग्नं" सुरू झालं की माझे हात वर यायला लागतील, तेव्हा कोपरानं ढोसायचं. जोरात. माझं लक्ष भटजींच्या हाताकडं गेलं तर परत ढोस. आणि तू पण कॅमेरा आणायचा नाहीस. "फक्त एक पंच्याऐंशीची लेन्स खिशात टाकतो" हे चालणार नाही, मी दारात पिशवी तपासणार आहे. ती सवय दोघांना एकदमच सोडू दे, एकटा राहिलो तर माझ्याच्यानं होणार नाही.

तुझं काय? वहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालं असेलच. बेळगावच्या दुकानात झेरॉक्स मशीन आणलंस असं बाळ्या म्हणाला, चांगलं केलंस, पासपोर्ट फोटोवर आता कुणाचं भागतंय. पोराच्या नोकरीचं पुढं काही झालं का, ते सविस्तर कळव. येताना कुंदा आण, साखर आटोक्यात आहे म्हणून लिहिलंय वर.

तुझा,
बापू

ता. क. पुण्याच्या टीमनं सगळे पैसे आधी घेतले. सगळे! लग्नाच्या आठ दिवस आधी शिल्लक शून्य, नाहीतर येत नाहीत. आपले शाहूपुरीच्या त्या मामांकडचे अजून येणं आहेत, त्यांचा नातू आता कॉलेजला जातो. अल्बम आपल्याकडंच पडून आहे, तो परवा चाळला. नवरीपेक्षा मामाच जास्त आलेत.