वैशू, राजीनामा एवढ्यात नको

कराड

प्रिय वैशू,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. फोनवर उत्तर दिलं तर तू मधेच हसण्यावारी नेशील, म्हणून लिहून पाठवतेय. पतसंस्था सोडून माझ्यासारखं घरबसल्या व्हर्च्युअल असिस्टंटचं काम, म्हणजे दूरच्या क्लायंटची ऑफिसची कामं ऑनलाइन सांभाळायचं काम, करायचं म्हणतेस, ते जमेल तुला. पण आधी ते पंचवीस हजारांच्या कोर्सचं खूळ डोक्यातून काढ. मला आजवर एकाही क्लायंटने सर्टिफिकेट मागितलेलं नाही.

इंग्रजी फाडफाड येत नाही, ही तुझी खरी धास्ती. अगं, माझं तरी कुठे येतं? सगळा कारभार मेलवर चालतो, तिथे थोडक्यात आणि नेमकं लिहिता आलं की झालं. माझी लंडनची बाई एकटीच इंटिरियर डिझाइनचा व्यवसाय चालवते. ती कामाला बसायच्या आत मी तिचा इनबॉक्स उपसून ठेवते आणि तिला एकच मेल टाकते: कोणाला तिनेच उत्तर द्यायला हवं, कोणाला मी देऊन टाकलं, आणि काय आठवडाभर पडून राहिलं तरी कोणाचं अडणार नाही. खरं तर ती पैसे मोजते ते या मेलचे. बाकी मग तिकिटं काढणं, मीटिंगा लावणं, बिलं पाठवणं, थकलेल्या पैशांसाठी गोडीगोडीने तगादा लावणं. तगाद्यात तर तुझा हात कोण धरणार! कर्जदाराला न दुखवता हप्ता काढून घेणारी तू.

पासवर्ड मात्र कोणी मेलवर पाठवू लागलं तर घेऊ नकोस. जीमेलमध्ये पासवर्ड न देताही दुसऱ्याला इनबॉक्स हाताळू देता येतो, तेवढं क्लायंटला समजावून सांग. पहिल्याच दिवशी तुझ्याबद्दल भरवसा वाटतो.

आता वेळेचं बघ. कॅलिफोर्नियातले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. चिनूची शाळा सकाळची, तुला ते झेपायचं नाही. लंडनचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. अमेरिकेचे रविवार वेगळे: मार्चमधला दुसरा आणि नोव्हेंबरमधला पहिला. त्यामुळे मार्चमध्ये मधले दोन-तीन आठवडे लंडन-न्यूयॉर्कचं पाच तासांचं अंतर चारच उरतं, आणि भलेभले चुकीच्या वेळी मीटिंगला येऊन बसतात. म्हणून कॅलेंडरमध्ये नेहमी शहर निवडायचं, बोटांवर तास मोजायचे नाहीत. असली एक मीटिंग वाचवलीस ना, की क्लायंट तुला सोडत नाही बघ.

काम मिळवायला मी अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या वेबसाइटवर सुरुवात केली. तिथे अर्ज करायलाही 'कनेक्ट्स' विकत घ्यावे लागतात, एकाचे 0.15 डॉलर, आणि एका अर्जाला बरेच लागतात. वर मिळालेल्या पैशांतून त्यांचं कमिशन कापलं जातं. तेव्हा दिसेल त्या कामाला अर्ज टाकत सुटू नकोस. पण टेलिग्रामवरच्या 'डेटा एंट्री, आधी नोंदणी फी भरा' वाल्यांपेक्षा हे परवडलं. तिथे कोणी पैसे मागितले की सरळ ब्लॉक कर. आणि कोणी ओळखीचं फसलंच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांग.

पैसे परदेशातून येतात, म्हणून प्रत्येक रकमेचा बँकेचा कागद जपून ठेव. जीएसटीची चिंता आत्ता नको, सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी लागत नाही. आयकर मात्र आहेच. वर्षाचा कर दहा हजारांच्या वर जाणार असेल तर जूनपासून चार हप्त्यांत आगाऊ भरावा लागतो. बँकेच्या आणि कराच्या गोष्टी मी तुला शिकवायच्या म्हणजे कमालच!

आणि राजीनामा एवढ्यात नको. लंडनचा दिवस उन्हाळ्यात आपल्या साडेनवापर्यंत चालतो. तू साडेसहाला घरी येतेस, चहा घेऊन दोन तास तरी हाताशी राहतात. एक क्लायंट तेवढ्यात सांभाळून बघ. सासूबाईंना आधी नीट सांग, नाहीतर 'ही रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन काय बसते' सुरू होईल. इन्व्हर्टरचं मात्र बघावंच लागेल, तुमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मला माहीत आहे.

रविवारी तुला मी स्वतः बनवलेले वीस खोटे मेल पाठवते. ते वाचून मी सांगितला तसा एक मेल मला करून पाठव, इंग्रजीत. किती वेळ लागला तेही खरं खरं कळव.

तुझी,
मेधा