केसपेपरवर ‘विडी कामगार’ लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुग्णांच्या नोंदी संशोधनाला द्याव्यात की नाही, या चर्चेत आपल्या सोलापूर जिल्ह्याला बाहेरून उदाहरण आणायची गरज नाही. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी, म्हणजे त्या भागातल्या कर्करुग्णांची नोंद ठेवणारी यंत्रणा, १९८७ मध्ये आपल्या बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतले रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हते. म्हणून नोंदणीची माणसे गावोगाव गेली, लक्षणे समजावून सांगितली, संशय आला त्यांना तपासणीला आणले. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त, हे या नोंदींतून दिसले.

पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय त्यात होते. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, चाचणी न झालेल्या गटात ६४, आणि दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. कोणाला आजार झाला, कोण दगावले, याचा वर्षानुवर्षे माग ठेवल्याशिवाय हे आकडे हाती येत नाहीत. चाचणीविना राहिलेल्या त्या स्त्रियांवरून नंतर टीका झाली. ती मला रास्तच वाटते. त्यांचे ऋण मोठे आहे.

आता सोलापूर शहराकडे येते. इथे पूर्व भागात घराघरात विडी वळली जाते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली पाने आणि कात्री, असा दिवसभर एकाच बैठकीचा धंदा. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते. तंबाखू न खाणाऱ्या बाईच्याही शरीरात निकोटिन उतरते, हे विडी कामगारांच्या लघवीच्या तपासण्यांत दिसलेले आहे. या बायकांच्या आजारांचा हिशेब सर्वांत आधी लागायला हवा होता. तो लागणार कसा? केसपेपरवर त्या विडी कामगार नसतातच!

आमच्या शेजारच्या अक्कांना घेऊन शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेले होते. खिडकीवरच्या मुलाने नाव, वय, मोबाइल विचारला. व्यवसाय विचारलाच नाही, स्वतःच ‘गृहिणी’ टाकून मोकळा झाला. लहानपणापासून विडी वळून अक्कांच्या बोटांची टोके तपकिरी झाली आहेत, अंगठ्याला कात्रीचा घट्टा आहे, आणि तेच हात त्याच्यासमोर खिडकीवर टेकलेले. मी म्हटले, “त्या विडी वळतात, तसं लिहा.” तो म्हणाला, “त्यानं काय फरक पडतो? बिल तेवढंच येणार.”

फरक पडतो. आजार आणि धंदा यांचा संबंध शोधणाऱ्याला त्या रकान्याशिवाय दुसरा आधार नसतो. पत्त्याचेही तेच. कितीतरी कुटुंबे कुंभारीच्या गोदूताई परुळेकर या विडी कामगारांच्या वसाहतीत राहायला गेली, पण केसपेपरवर जुनाच पत्ता, नाहीतर नुसते ‘सोलापूर’. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते. नोंदणीत प्रमाण काढतात ते त्या त्या भागाच्या लोकसंख्येवर, त्यामुळे पत्ता चुकला की शहराचाही हिशेब बिघडतो आणि तालुक्याचाही.

बायका माहिती द्यायला कचरतात, त्यालाही कारण आहे. आजाराचे कारखान्यात कळले तर विडीसाठी मिळणारे पान-तंबाखू बंद होईल, मुलीचे जमत आलेले लग्न मोडेल, ही भीती मी रोज ऐकते. एकच रुग्ण दोन दवाखान्यांत गेला तर दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नोंदणीला नाव-पत्ता लागतो, हे मला मान्य आहे. पण अभ्यासासाठी पुढे जाताना नाव काढलेच पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संशोधनाला सवलत दिली आहे, मात्र त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घेता येत नाही. ही अट अक्कांसारख्यांना कोण सांगतो? भरतीच्या वेळी कागदांच्या गठ्ठ्यावर अंगठे घेतले जातात, तेही मराठी-इंग्रजी कागदांवर. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात की संमती रुग्णाला समजेल अशा भाषेत घ्यावी. सोलापुरात याचा अर्थ तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही, आणि वाचता न येणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवून.

महापालिकेचा आरोग्य विभाग आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना माझी विनंती आहे की, शहरातल्या सरकारी-खासगी रुग्णालयांनी व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण रुग्णाला तोंडी विचारूनच भरावे, असे लेखी कळवावे. विडी किंवा यंत्रमागाचे काम असेल तर किती वर्षे केले, तेही लिहावे. आणि या माहितीवर कोणी अभ्यास केला, तर त्यात काय आढळले हे वसाहतीत येऊन, बायकांच्या भाषेत सांगण्याची अट नैतिकता समितीने परवानगी देतानाच घालावी. विडी कामगार संघटनांनीही हा विषय मजुरी आणि पेन्शनच्या मागण्यांबरोबर निवेदनात घ्यावा.

आपली,
विडी कामगार कुटुंबातील एक वाचक,
सोलापूर