किट आहे, पण उतरवायचे कुठे?

महोदय,

साथीच्या तयारीचा विषय निघाला की खाटा, ऑक्सिजनची टाकी आणि पीपीई किट मोजले जातात. परिचारिकेला संसर्गाचा मोठा धोका किट उतरवताना असतो, त्याचा हिशेब कोणी धरत नाही. ड्युटी संपवून थकलेला माणूस घाई करतो आणि बाहेरच्या मोज्याचा हात नाकाला लागतो. क्रम असा: आधी बाहेरचे हातमोजे, मग किट आतली बाजू बाहेर येईल असे गुंडाळत खाली, मग मागच्या पट्ट्याला धरून गॉगल. मास्क सर्वांत शेवटी, तोही खोलीबाहेर आल्यावर; खालची पट्टी आधी, वरची नंतर. प्रत्येक टप्प्यानंतर हातांना सॅनिटायझर. यासाठी वेगळी जागा, आरसा आणि क्रम सांगणारा दुसरा माणूस लागतो. रहिवासी इमारतीत चालणाऱ्या नौपाडा-कोपरखैरण्यातल्या छोट्या नर्सिंग होमने हे कुठे करावे? स्टाफच्या बाथरूममध्ये?

एन-९५ च्या आत सर्जिकल मास्क घातला की कडेने फट राहते आणि महागडा मास्क निकामी ठरतो. मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का हे पाहणाऱ्या फिट टेस्टमध्ये डोक्यावर हूड घालून आत गोड किंवा कडू फवारा मारतात. चव लागली तर तो मास्क त्या चेहऱ्याचा नव्हे. माणशी पंधरा-वीस मिनिटांचे काम, पण साथ आल्यावर त्याला सवड कुठली! शिवाय आपल्याकडचा मे महिना. एसी बंद ठेवलेल्या वॉर्डात मास्क घामाने भिजतो. बदलायला बाहेर यावे तर एक किट वाया, म्हणून ओल्या मास्कनेच सक्शन (रुग्णाच्या घशातला-श्वासनलिकेतला स्राव नळीने ओढून काढणे) केले जाते.

परिचारिकेच्या मृत्यूनंतरचा घोळ वेगळाच. केंद्राच्या ५० लाखांच्या विमा योजनेत (३० मार्च २०२० पासून) कंत्राटी कर्मचारीही होते. मात्र कोविड ड्युटी केल्याचा संस्थेचा दाखला लागे. एजन्सीमार्फत आलेल्या सिस्टरचे नाव रुग्णालयाच्या मस्टरवर नसेल तर दाखला द्यायचा कोणी? वॉर्ड, पाळी आणि तारीख लिहिलेला, परिसेविकेच्या (वॉर्डच्या प्रमुख सिस्टरच्या) सहीचा ड्युटी चार्ट दर आठवड्याला तयार व्हावा आणि त्याची एक प्रत त्या परिचारिकेकडे राहावी. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी कंत्राटदाराचे बिल मंजूर करताना हा चार्ट जोडलेला आहे का, तेवढे पाहावे.

– काही परिचारिका, ठाणे व नवी मुंबई